गोळी यादीत नाही, बाई!

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. तेव्हा वाशीच्या कामगार विम्याच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा भांडले. त्यानंतर किस्से साठतच गेले. नळावर सांगायला बसले तर हंडा भरून वाहतो, तरी संपत नाहीत!

माझ्या सुनीताला फिट येते. मोठ्या डॉक्टरांनी बजावलंय, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. ती ह्यांच्या कंपनीच्या विमाकार्डावर मिळते, कंपाउंडरच्या खिडकीतून. कार्ड काढलं तेव्हा तिचं बारसं व्हायचं होतं, म्हणून क्लार्कने लिहिलं ‘बेबी’.

त्या सकाळी कंपाउंडर म्हणाला, "चिठ्ठी सुनीताची, कार्ड बेबीचं. गोळी कुणाला देऊ?"

"कुणालाही द्या. तोंड एकच आहे!"

*

एकदा खिडकीतून भलतीच गोळी आली.

"डॉक्टरांनी लिहिलेली यादीत नाही, बाई. ही ताकदीची घ्या."

"फिट काय यादी बघून येते?"

मागची रांग हसली. दुपारपर्यंत खिडकी सोडली नाही. मग लिहिलेली गोळी आतल्या कपाटात ‘सापडली’!

*

शेजारच्या शकीलाभाभीचा नवरा ट्रकवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. भाभी औषधाला गेली तर म्हणे, "पेशंट समक्ष पाहिजे."

चौघांनी त्याला भाजीच्या हातगाडीवर घालून आणलं. कंपाउंडर ओरडला, "गाडी आत आणायची नाही!"

भाभी म्हणाली, "तो फिर तुम बाहर आओ!"

आला की!

*

मग ह्यांच्या कंपनीला टाळं लागलं. घरात दोनच गोळ्या उरलेल्या.

कंपाउंडर म्हणाला, "हजेरी भरली नाही, कार्ड बंद. नियम आहे."

"टाळं कंपनीला लागलंय, फिटला नाही!"

"आमी काय करणार, ताई?"

मी सातवी शिकलेय, लिहिलेलं वाचता येतं. म्हटलं, "मग एवढंच लिहून द्या. ‘मुलीला फिट येते हे माहीत असून गोळी दिली नाही.’ खाली सही."

"पेन नाही."

मी पिशवीतून पेन काढून खिडकीत ठेवलं.

तो उठून आत गेला. महिन्याची पुडी बाहेर आली. पेनाला हातही लावला नाही!

बायांनो, रांगेत तुमच्या पुढेमागे जी असेल तिला सांगा, कार्डाबरोबर पेनही ने.