बांधावरच्या बाभळी आणि आमचे साडू

आमच्या साडूंइतका वाऱ्याच्या मागं लागलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. नोकरी परभणीच्या कॉलेजात, शेती बोरीला आणि जीव कॉम्प्युटरात. कशाला धडकून वारा कसा वळतो, हे ते पडद्यावर रंगीत रेघांनी काढून बघतात. त्यासाठी म्हणे जगातली प्रत्येक वस्तू आधी सोपी करून घ्यावी लागते. म्हैस म्हणजे एक खोका आणि चार काठ्या. मी म्हणजे पिंप. हे त्यांनी माझ्या बायकोसमोर सांगितलं आणि तिला ते लगेच पटलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. आमच्या वास्तुशांतीला हा गृहस्थ पेटती उदबत्ती घेऊन तासभर खोल्याखोल्यांतून फिरत होता. भटजी त्यांच्या भक्तीवर बेहद्द खूश. साडू बघत होते धूर कुठं वळतो ते! पण त्यांच्या सांगण्यावरून कूलर दुसऱ्या खिडकीत लावला आणि खोटं कशाला बोलू, तो उन्हाळा आम्हाला सुखाचा गेला.

गेल्या साली मात्र हे वेड त्यांच्या जिवाला लागलं. बोरीला त्यांच्या शेताला लागूनच थोरल्या चुलतभावाचं, म्हणजे दादांचं रान. मधे बांध, बांधावर बाभळींची ओळ. साडूंनी आपल्या उसात तणनाशक फवारलं आणि आठ-दहा दिवसांत दादांच्या कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी कातरली. साडू म्हणाले, मधे बाभळी आहेत, माझा फवारा तिकडं जाईलच कसा? दादा भांडले नाहीत. त्यांनी फक्त बोलणं सोडलं. ज्यांच्या खांद्यावर बसून साडू लहानाचे मोठे झाले, ते आता समोरून आले की मान वळवायचे. साडूंचं जेवणावरचं लक्ष उडालं.

मग त्यांनी कॉम्प्युटर उघडला. दोन्ही रानं मांडली, बाभळींच्या जागी एक लांबलचक खोका ठेवला. रेघा खोक्याला धडकून वर चढल्या आणि पार पलीकडं ओढ्यात उतरल्या. साडू निर्दोष! मी म्हटलं, झालं तर मग, दाखवा दादांना. त्यांचं तोंड उतरलं.

"बाभळीतून वारा जातो हो," ते म्हणाले. "मी भिंत ठेवलीय."

अहो, पण विचारणार कोण होतं? त्या रेघा बोरीत कळणार कुणाला? पण हा माणूस आठवडाभर बांधाशी उभा राहून बाभळींतून पलीकडचं किती दिसतं ते मोजत बसला. तेवढी भोकं त्यांनी खोक्याला पाडली. रेघा सरळ कपाशीवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन ते दादांच्या ओसरीवर गेले. सोबतीला मी. भिंत, भोकं, रेघा, सगळं समजावता समजावता त्यांचा आवाज बसला.

"दादा, चूक माझी हाय," ते म्हणाले. कॉलेजातली भाषा कुठल्या कुठं गेली होती.

दादांनी पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"पानं बघितली त्याच दिवशी मला समजलं होतं," ते म्हणाले. "तू कवा येऊन सांगतूस, तेवढंच बघायलो होतो."

साडू तिथंच रडायला लागले. दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आत चहाला सांगितलं. मी मात्र मान खाली घालून बसलो. ती भिंतच दादांना दाखवा, असं मी म्हणालो होतो, आणि हे साडूंनी तिथं कुणालाच सांगितलं नाही.