मार्लिसनं वाटून टाकलेली नावं

माझ्या दुकानात एका काउंटरवर मासे धरायची गांडुळं मिळतात आणि दुसऱ्यावर फासे. हसायचं असेल तर हसून घ्या. खाण बंद पडल्यापासून आमच्या गावात एका धंद्यावर कुणाचं भागत नाही. मागच्या खोलीत एक लांब टेबल आहे, आणि दर गुरुवारी संध्याकाळी तिथं मार्लिस हारयूचा खेळ चालायचा.

खेळ म्हणजे पट-सोंगट्या नव्हेत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि पुढं काय होणार ते अडलं की फासे टाकायचे. गोष्ट मार्लिस सांगायची. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना वाढून ही बाई संध्याकाळी आम्हाला जमिनीच्या पोटात उतरवायची. तिच्या हातून कमी असं कधी वाढलंच गेलं नाही. आमच्याकडच्या बायका वेलदोड्याच्या पावाची कृती सोबत कबरीत नेतात. मार्लिस रस्त्यात भेटलेल्या माणसालाही ती सांगून टाकायची, वर घरी बोलावून करून दाखवायची. "अगं, पीठ काय माझ्या बापाचं आहे का?" म्हणायची. गावानं तिचं कौतुक केलं, आणि खरं सांगतो, तिला ते आवडायचं.

तिनं खेळाचं पुस्तक छापलं, 'सातवी पातळी'. मुखपृष्ठावर खाणकामगाराचा दिवा, एका बाजूनं काच तडकलेला. तो तिच्या नवऱ्यानं, वेंडेलनं काढला होता, आजारपणात, खाटेवर बसून. पुस्तक आलं तेव्हा तो नव्हता.

त्या पुस्तकात एक भिंत होती. तिच्याबद्दल नीट सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. आमच्या खाणीत एके काळी तळ्याचं पाणी फुटलं. माणसं खाली राहिली ती राहिलीच. कंपनीनं तोंड बुजवलं, आता तिथं तारेचं कुंपण आणि काळं पाणी आहे. त्या माणसांची नावं मार्लिसनं खेळातल्या भिंतीवर घातली. खाली उतरण्याआधी प्रत्येकानं एक नाव मोठ्यानं वाचायचं आणि टेबलावर ठेवलेल्या खऱ्याखुऱ्या जुन्या दिव्यावर बोटानं टिचकी मारायची. तो माणूस मग तुमच्याबरोबर चालतो. जिवावर बेतलं की त्याला हाक मारायची, फासे पुन्हा टाकायला मिळतात. आणि वर आल्यावर पहिलं काम म्हणजे त्याचं नाव घेऊन म्हणायचं, "वर आले." ते म्हटल्याशिवाय कुणी खुर्चीतून उठायचं नाही. मुतायला लागली तरी नाही, हा मार्लिसचा नियम.

नावं तिनं मागून घेतली होती. पाव भाजून घरोघर गेली, चुलीपाशी बसली, विचारलं. बहुतेकांनी दिली. व्हर्ना सालमेलानं दिलं नाही. व्हर्ना आमच्या गावात टपाल वाटते. तिची जीभ म्हणजे कात्री. "माझ्या बाबांचं नाव घेऊन तुम्ही फासे खेळणार? लाज वाटत नाही?" असं तिनं मार्लिसला दारातून परत पाठवलं. पुढच्या हिवाळ्यात मात्र स्वतःच दुकानात आली, हातमोजे न काढता म्हणाली, "लिही. टाइस्तो सालमेला. शिट्टी वाजवायचे. माझ्यासाठी डब्यात पास्टीचा कोपरा उरवून आणायचे. एवढंच आठवतंय मला, सात वर्षांची होते."

पास्टी म्हणजे मांस-बटाटा भरलेली जाड करंजी, खाणीत जाणाऱ्याच्या डब्यात तीच असायची. मार्लिसनं जसंच्या तसं लिहिलं. त्यानंतर व्हर्ना दर गुरुवारी येऊन बसायला लागली. टाइस्तोचं नाव कायम तीच घ्यायची, दुसरं कुणी त्याला हात लावायचं नाही. आणि चेष्टा तर काय! "मार्लिस, तुझ्या गोष्टीतले राक्षसही उपाशी मरत नाहीत बघ, त्यांनाही दोनदा वाढतेस." मार्लिस हसून लाल व्हायची. रात्रीचे दहा वाजले की व्हर्ना दिव्याला टिचकी मारून म्हणायची, "टाइस्तो सालमेला वर आले," आणि कोट घालून घरी जायची.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. असल्या खेळांची पुस्तकं छापणारे छोटे लोक आपल्या खेळाचे नियम सगळ्यांना मोकळे करतात. कुणीही घ्यावेत, त्यावर आपलं पुस्तक रचावं, विकावं, फक्त ज्याचं घेतलं त्याचं नाव मागच्या पानावर द्यावं. एकदा मोकळं केलं की परत मागता येत नाही. म्हणून शहाणा माणूस दोन ओळी लिहितो. पहिली, काय मोकळं आहे. दुसरी, काय राखून ठेवलंय: आपली नावं, आपलं चित्र, आपला छाप. ग्रीन बे शहरातला ग्लेन ओबर्ग स्वतःच्या गॅरेजमध्ये पुस्तकं छापतो, त्यानं तिला फोनवर बजावलं होतं, "बाई, दुसरी ओळ विसरू नकोस."

मार्लिस फणकारली. "राखून ठेवणारी बाई वाटले का मी तुला?"

आणि तिनं एकच ओळ छापली. 'या पुस्तकात आहे ते सगळं, सगळ्यांना मोकळं.' खेळवाल्यांच्या मेळाव्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन पोरींनी तर तिला मिठी मारली. सगळं म्हणजे दिवाही. सगळं म्हणजे भिंतही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं बाईनं, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नाही.

त्या नोव्हेंबरात आमचा खेळ अर्ध्यावर थांबला. टोळी सातव्या पातळीवर अडकली होती, वाट बंद, दिव्यात तेल कमी, आणि सकाळी हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. निम्म्या टेबलाला पहाटे रानात जायचं होतं. "राहू दे, नंतर काढू वर," मार्लिस म्हणाली, आणि सगळे उठले. तेवढ्या एका दिवसापुरता तिनं आपलाच नियम मोडला.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडं नव्या पुस्तकांचं खोकं आलं. उघडलं तर वरच वेंडेलचा दिवा! मला आनंदच झाला. म्हटलं, चला, आमच्या मार्लिसच्या खेळावर परक्या माणसानं पुस्तक केलं. तिला फोन केला. ती शाळेतून तशीच आली, डोक्याला जाळी, हाताला कांद्याचा वास. मी कौतुकानं पुस्तक तिच्या हातात दिलं.

तिनं उभ्यानंच चाळलं. मग एका पानावर थांबली, ती थांबलीच. मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

पाण्यानं फुगलेला मुडदा. नाव, टाइस्तो सालमेला. अंधारात शिट्टी वाजवून माणसांना जवळ ओढतो. हातात बुरसटलेला पास्टीचा कोपरा, "माझ्या छोकरीला" असं म्हणत पुढं करतो. जो घेईल तो मेला. त्याला मारलं की दातातलं सोनं तुमचं. शेजारी चित्रही होतं, अगदी मन लावून काढलेलं. बाकीची नावंही पुढच्या पानांवर तशीच, एकेक मुडदा, एकेक बक्षीस.

आणि शेवटच्या पानावर, रीतीप्रमाणे, मार्लिस हारयू हिचे आभार.

"गस," ती म्हणाली, "यात माझं नाव आहे."

तिनं माझ्या काउंटरवरूनच त्या छापणाऱ्याला फोन लावला. ओहायोचा कुणी डस्टिन क्रेमर. मी मनात चार शिव्या तयार ठेवल्या होत्या, पण तो निघाला सज्जन. "मॅडम, तुम्ही स्वतः! माझ्यावर किती उपकार आहेत तुमच्या पुस्तकाचे!" मार्लिसनं त्याला सांगितलं, ती माणसं खरी होती.

"मला वाटलं तुम्ही रचलीत," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलं होतं ना, सगळं मोकळं."

"लिहिलं होतं."

"मी माझ्यातून काढतो. आजच काढतो. पण माझंही मोकळंच आहे, मॅडम. दोघा-तिघांनी माझ्यातून उचललंय. त्यांना कसं सांगू?" मग बिचाऱ्यानं, काहीतरी बरं बोलावं म्हणून विचारलं, "तुमचं नाव मागं बरोबर छापलंय ना?"

"हो," मार्लिस म्हणाली. "बरोबर छापलंय."

त्याला शिव्या देता आल्या असत्या तर किती बरं झालं असतं! तो नियमानं वागला होता. राग काढायला माणूसच सापडेना, मग तो सगळा तिच्यावरच उलटला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. ती स्टुलावर बसली आणि डोक्यावरची जाळी काढून हातात चुरगाळत राहिली.

"व्हर्नाला कळायला नको," ती म्हणाली.

"तूच सांग. दुसऱ्याकडून कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही तुला."

"सांगते. सांगते रे. उद्या सांगते."

त्या उद्याचे बरेच परवा झाले. गुरुवारचा खेळही तिनं काही ना काही निमित्त काढून बंद ठेवला. टपालाची गाडी गल्लीत दिसली की मार्लिस घराच्या मागच्या दारानं निघायला लागली. शाळेत व्हर्ना टपाल द्यायची तेव्हा ही कोठीत बटाटे मोजत बसायची. चांगली साठीला आलेली बाई, चोरासारखी वागत होती. मी खोकं तळघरात टाकलं, पण ते एक पुस्तक काही ती सोडेना. दुकानात येऊन तेच पान उघडून बसायची.

तशीच बसलेली असताना व्हर्ना टपाल घेऊन आत आली. दुकानाला मागचं दार नाही.

मार्लिसनं पुस्तक झटकन कोटात घातलं. व्हर्नानं दिवा पाहिला होता.

"अगंबाई! नवं पुस्तक? आणि लपवतेस काय? आम्हाला फुकट द्यावं लागेल म्हणून?"

"खराब छापलंय," मार्लिस म्हणाली. "परत पाठवतेय."

"वेंडेलचा दिवा आहे वर. दाखव गं. तू आणि खोटं बोलणं, जमत नाही तुला." आणि हसत हसत तिनं कोटातून पुस्तक ओढून घेतलं. मार्लिसनं बोटांत धरलेलं पान आपोआप उघडलं.

व्हर्नानं वाचलं. टपालाची पिशवी खांद्यावर तशीच. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"पास्टीचा कोपरा," ती म्हणाली. "हे त्याला कुणी सांगितलं?"

"मी," मार्लिस म्हणाली. "म्हणजे, मी राखून ठेवायला हवं होतं. एक ओळ लिहायची होती फक्त. व्हर्ना, मी पुढच्या छपाईत..."

"मी तुला दिलं होतं. तुला. सगळ्यांना नाही."

"मला वाटलं मी माझंच वाटतेय."

"तुला वाटायला आवडतं," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. चढला असता तर मार्लिसला सोसलं असतं. पुस्तक तिनं मिटून, नीट काउंटरच्या कडेला लावून ठेवलं, माझं टपाल त्यावर ठेवलं आणि निघून गेली.

मार्लिसनं पुढच्या छपाईत दुसरी ओळ घातली. 'नावं आणि दिवा कुणी घ्यायचा नाही. नावं माझीही नाहीत.' वरातीमागून घोडं. जुनं पुस्तक फिरायचं ते फिरतच राहिलं. शाळेत पोरांना वाढताना तिची मान खाली असायची, असं तिथली मुलं सांगायची. कुणी पावाची कृती विचारली तर म्हणायची, "बघते, सापडली तर देते."

गुरुवारी आम्ही बसायचो, पण वेगळाच खेळ. समुद्री चाच्यांचा. दिवा फळीवर ठेवून दिला होता. त्या चाच्यांत कुणाचा जीव रमत नव्हता, निव्वळ घरी बसवत नाही म्हणून बसायचो.

तळी गोठली, बर्फाला भोकं पाडून मासेमारी सुरू झाली, तेव्हा एका गुरुवारी व्हर्ना दुकानात आली. अळ्यांची डबी मागितली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. मार्लिस ताटातल्या पावाकडं बघत बसली.

व्हर्ना दारापर्यंत गेली. आत पाय ठेवला नाही.

"खाली कोण आहे आज?"

"कुणी नाही," मार्लिस म्हणाली. "आम्ही नावं घेत नाही आता. घेणार नाही, व्हर्ना. मला तोंडच नाही घ्यायला."

"म्हणजे तिथंच सोडलंत?"

मार्लिसला कळलं नाही. मलाही नाही.

"शिकारीच्या आदल्या दिवशी," व्हर्ना म्हणाली. "मी नाव घेतलं होतं. सातव्या पातळीवर होतो आपण, वाट बंद होती. तू म्हणालीस नंतर काढू वर. तेव्हापासून बाबा खालीच आहेत." तिनं नाक पुसलं. "मला माहितेय खेळ आहे ते. वेडी नाहीये मी. पण दर गुरुवारी वर यायचे."

मार्लिस उठली, फळीवरचा दिवा काढला, धूळ बाहीनं पुसली आणि टेबलावर ठेवला. मग तिनं चाच्यांचे कागद बाजूला सारले. "वाट बंद आहे," ती सांगायला लागली. "तेल संपत आलंय. डाव्या हाताला दगड आहे, तो हलतोय." सांगता सांगता रडत होती आणि थांबत नव्हती. आम्ही फासे टाकले. दगड हलेना. मग व्हर्नानं दारातूनच हाक मारली, "बाबा!" आम्ही पुन्हा टाकले, आणि दगड सरकला.

वर आल्यावर मार्लिसनं दिव्यासाठी हात पुढं केला, आणि मग मागं घेतला. तिला ते नाव घेता येईना.

व्हर्ना आत आली, बुटांचा बर्फ फरशीवर पडला. तिनं टिचकी मारली.

"टाइस्तो सालमेला वर आले," ती म्हणाली. "आता त्यांना परत खाली नेऊ नका."

मार्लिसनं पावाचा तुकडा तिच्याकडं सरकवला. व्हर्नानं तो घेतला नाही. काउंटरवर येऊन तिनं अळ्यांचे पैसे दिले, सुटे परत मोजून घेतले आणि गेली.