एका चेहऱ्याच्या दोघी

अपाम या कोळ्यांच्या गावाच्या किनाऱ्यावर धुरी देऊन मासे सुकवणाऱ्या बायकांत पान्यिन आणि काक्राबा या जुळ्या बहिणी. दोघींना वेगळं ओळखायची एकच खूण होती. पुढे चालायची ती पान्यिन, म्हणजे थोरली. मागून बडबडत यायची ती काक्राबा, धाकटी. चार मिनिटांचा काय तो फरक, पण काक्राबाने तो सेहेचाळीस वर्षं इमानाने पाळला. थोरलीने केंकीचा, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेल्या मक्याच्या गोळ्याचा, पहिला घास घेतल्याशिवाय ती पानाला हात लावायची नाही. थोरलीचा नवरा सोडून गेला, त्याच वर्षी हिनेही आपल्या नवऱ्याला बोचकं बांधून दिलं. "हिचा गेला, मग माझा कशाला डोळ्यांसमोर नाचवू?" म्हणाली. कपडेसुद्धा दोघींचे एकाच ठाणातले असत. लोक हसत. हसणाऱ्याच्या बापाचं काय जातं?

ऑक्टोबरात स्तनाच्या कॅन्सरसाठी चालायची रीत अपाममध्ये आली, तेव्हा या दोघी पहिल्या वर्षी फुकटच्या गुलाबी टी-शर्टासाठी गेल्या, खोटं कशाला सांगू. बंदरापासून शाळेच्या मैदानापर्यंत चालायचं. पुढे पितळी बँड, मागे नाचणाऱ्या बायका, आणि ज्याच्या-त्याच्या खिशातून निघालेली वर्गणी गरीब बायांच्या उपचाराला. मैदानात एक तंबू असे. तिथे नर्स फिलोमिना बायकांची छाती तपासून द्यायची. बंदरापासून घाम गाळत नाचत आलेल्या बाया तंबू दिसला की शेळ्यांसारख्या पांगत. 'छातीला चाकू लागला की बाई संपली,' हे किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ होतं. शिकवलं कुणी, देव जाणे.

गेल्या वर्षी मात्र आक्रीत घडलं. जन्मभर मागे राहिलेली काक्राबा त्या तंबूत आधी शिरली. पाच मिनिटांनी हसत बाहेर आली.

"काही नाही गं. बाईचे हात तेवढे बर्फासारखे आहेत. जा तू."

पान्यिन आत गेली आणि नर्सच्या बोटांना डाव्या बाजूला गाठ लागली.

पुढच्या आठवड्यात काक्राबाने बहिणीला जवळजवळ ढकलतच अक्राच्या गाडीत बसवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात पान्यिनचा डावा स्तन काढला, औषधांनी केस गेले, नखं काळी पडली. एका मावसबहिणीकडे ती अकरा महिने राहिली. इकडे काक्राबा एकटी मासळीच्या धुरीच्या भट्ट्या पेटवायची आणि दर महिन्याला फोनवरून औषधांचे पैसे धाडायची. रोज रात्री फोनवर तिचं एकच पालुपद असे: "चालायच्या दिवशी परत ये. तू पुढे, मी मागे."

जुलैपासून तो फोन बंद झाला. पान्यिनने मामाला विचारलं. ईबोमामा म्हणजे आईचा भाऊ, घराण्याचा कर्ता. तो म्हणाला, "फोन समुद्रात पडला तिचा." पुढच्या वेळी म्हणाला, "बाजाराला गेलीय, आत डोंगराकडे." त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, "झोपलीय." पैसे येत राहिले, म्हणून पान्यिनला शंका आली नाही. राग मात्र आला. शेवटची सुई टोचून घेतली आणि कुणाला न सांगता ती निघाली. पिशवीत एकाच ठाणातल्या गुलाबी कापडाचे दोन तुकडे होते.

चालायच्या शनिवारी उजाडता उजाडता ती अपामच्या गाडीतळावर उतरली. लांबून बँडवाले सूर जुळवत होते. गाडीतळाची भिंत मेलेल्यांच्या पत्रकांनी भरलेली असते, तशीच होती. आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं तर पत्रकावर 'देवाचं बोलावणं' छापतात, अवेळी गेलं तर 'केवढा हा धक्का!' पान्यिन सवयीने भिंतीवर नजर फिरवत चालली होती. थबकली.

'केवढा हा धक्का!' त्या मोठ्या अक्षरांखाली तिचाच फोटो होता. गेल्या वर्षीच्या ईस्टरला दोघींनी सारखेच काढले होते त्यातला, सोन्याच्या डुलांचा. छपाईवाल्याने चेहरा असा गुळगुळीत केला होता की ती वीस वर्षांची दिसत होती. खालचा निम्मा भाग, नाव-गावाचा, आजच्या चालण्याच्या गुलाबी जाहिरातीने झाकला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिकडे सुया टोचून घेते आणि ही माणसं मला मारून मोकळी! चाकू लागला म्हणजे संपलीच, असं धरून चालली!

तेवढ्यात मागे भांडं आदळलं. केंकीवाली मान्सा उभी होती, तिच्या केंकी मातीत लोळत होत्या. "देवा रे! उठून आली!" ती किंचाळली.

"उठून नाही, गाडीतून आले!" पान्यिन गरजली. "आधी मला सांग, माझं पत्रक कुणी लावलं? कुणाला एवढी घाई झाली होती?"

सगळ्या किनाऱ्यावर जिची जीभ सर्वांत लांब, त्या मान्साच्या तोंडून शब्द फुटेना.

"तू... पान्यिन आहेस?"

"मग कोण?"

मान्साने डोळे खाली केले. गाडीतळावरची इतर माणसंही एकेक करून खाली बघायला लागली. या गावात मासळीचा भाव लपत नाही, पण तीन महिने हे पान्यिनपासून लपवलं होतं. आजारी माणसाला मरणाची बातमी द्यायची नाही, रोग ती ऐकतो आणि बळावतो, असं आम्ही मानतो.

कुणी पोराने पळत जाऊन कळवलं असावं; रस्त्यातून ईबोमामा धावत येत होता. त्याच्या हातात पाण्याचा पेला होता, निम्मं पाणी सांडलेलं. पाहुण्याला घरात बसवून, आधी पाणी पाजून, मग बातमी सांगायची, ही आमची रीत. भर रस्त्यात कुणी पाणी आणत नाही. पान्यिनने तो पेला पाहिला आणि ती भिंतीकडे मागे सरली.

"आधी पाणी पी, पोरी," मामा म्हणाला. "बस आणि पाणी पी."

ती बसली नाही. वळली आणि ती गुलाबी जाहिरात नखांनी खरवडायला लागली. औषधांनी खराब झालेली नखं ती, एक तुटलं. कागद पट्ट्यापट्ट्यांनी निघाला आणि खाली अक्षरं दिसली. वाचायला तिला वेळ लागायचा, पण हे नाव ती झोपेतही वाचू शकली असती. काक्राबा. त्याखाली ओळ होती: दफनाचा दिवस मागाहून कळवू.

आपलं मरण वाचून पान्यिनला राग आला होता. हे वाचून काहीच आलं नाही.

"तुझ्यासाठी पुरायचं थांबलोय, शवागारात बर्फावर ठेवलीय," मामा रडत म्हणाला. "तिनेच बजावलं होतं. थोरलीच्या सुया संपेपर्यंत बोलायचं नाही. पैसे मीच धाडत होतो."

"कशाने गेली?"

मामाने पेलाच पुढे केला. पान्यिनने ते पत्रक भिंतीवरून ओढून काढलं, गुलाबी चिंध्यांसकट, आणि शाळेच्या मैदानाकडे निघाली. मामा पेला घेऊन मागे. बँड सुरू झाला होता, पण ती दिसली तसतसे एकेकाचे कर्णे खाली आले.

नर्स फिलोमिना तंबूत खुर्च्या मांडत होती. पान्यिनच्या हातातलं पत्रक बघून तिने हातातली खुर्ची ठेवून दिली.

"तुझ्याआधी ती आत आली होती, ताई," नर्स म्हणाली. "तिची गाठ तुझ्याहून मोठी होती. मी म्हटलं, आजच निघ. तर म्हणाली, दोघी गेलो तर भट्टी कोण पेटवणार? थोरली आधी. ती आली की मी जाईन."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तिने शपथ घातली होती. चार महिने मी तिच्या दारात जात होते. दार लावून घ्यायची." नर्सने पदराने डोळे पुसावेत तसे बाहीने पुसले. "चुकलं माझं."

बाहेर मोर्चा येऊन पोचला होता. बायका तंबूपासून वीस पावलांवर थांबल्या. मान्साला आता वाचा फुटली होती. "एक आत गेली, दुसरी मेली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "या तंबूचा पायगुणच वाईट. मी नाही बाई जायची."

पान्यिन बाहेर आली. तिने ब्लाऊजचे हूक काढले. मामाने मान फिरवली, बँडवाल्यांनीही. बायकांनी मात्र पाहिलं: डावीकडे सपाट छाती आणि काखेपर्यंत गेलेला व्रण. मग तिने पत्रक आपल्या चेहऱ्याशेजारी धरलं.

"बघा नीट. दोघींना एकाच दिवशी गाठ निघाली. एक इथून दवाखान्यात गेली, एक माझ्यासाठी घरी गेली. सांगा, कुठली कोण?" तिचा आवाज फाटला. "जन्मभर माझ्या मागे राहिली रांड, आणि दोनदाच पुढे गेली. एकदा या तंबूत आणि एकदा..."

लहान मूल रडलं, त्याच्या आईने त्याला गप्प केलं.

मान्साने डोक्यावरचं केंकीचं भांडं जमिनीवर ठेवलं. "ठेव जरा लक्ष," ती शेजारणीला म्हणाली. "चोरलीस एखादी केंकी तर बघ." आणि मान खाली घालून तंबूत शिरली. तिच्यामागून दुसरी गेली, मग तिसरी.

दुपारपर्यंत पान्यिन तंबूच्या दाराशी बसून होती. एक गुलाबी कापड तिने स्वतःला गुंडाळलं होतं, दुसरं मांडीवर होतं. मामाने दिलेलं पाणी ती शेवटी प्यायली. रांग संपली, नर्सने वही मिटली, तेव्हा ती उठली आणि घराच्या वाटेला लागली.

भट्ट्यांच्या वळणावर ती सवयीने थांबली. धाकटी मागून येऊन गाठेपर्यंत ती तिथे नेहमीच थांबायची. मागे वळून न बघताच ती म्हणाली, "चल गं लवकर," आणि मग तिला ते स्वतःचं बोलणं ऐकू आलं.