इंजिन तापू नये म्हणून

सकाळपासून हे अंगणात गाडीशी झटताहेत. जुनी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. गेल्या महिन्यात घाटात तापून बंद पडली होती. आज त्यांनी रेडिएटर बदलला, चिरलेले रबरी पाइप बदलले आणि आता पाण्याचा पंप बसवताहेत. लग्नावरून वडिलांशी वर्षभर अबोला धरलेली आमची मुलगी संध्याकाळी स्टेशनवर उतरणार आहे.

“रिक्षानं येईल ती,” मी म्हटलं.

“मीच आणतो. घरी येईपर्यंत आम्ही दोघंच असू.”

पाना दोनदा त्यांच्या हातून निसटला. समोर ठेवलेला चहा निवून गेला. बोलायची धास्ती वाटली की माणसं हातांना कामाला जुंपत असावीत. मीही तिचं कपाट तिसऱ्यांदा आवरलं होतं.

शेवटी कूलंट भरून त्यांनी इंजिन सुरू केलं. तापमानाचा काटा चढत मध्यावर आला आणि तिथेच थांबला. मला हायसं वाटलं. हे मात्र स्टिअरिंग धरून बसून राहिले.

“निघा आता.”

“आधी काय बोलू?” त्यांनी विचारलं.

“काही बोलू नका. ती बोलेल ते ऐका.”

त्यांनी मान हलवली आणि काळे हात न धुताच गाडी बाहेर काढली.