ओढ्याकाठच्या कोप्या

रत्नाबाई मूळच्या आंबेगावच्या पश्चिमेकडच्या, भीमाशंकरच्या डोंगराखालच्या. घरी भात-नाचणीची शेती. मंचरला शिकायला आल्या तेव्हा वर्गातल्या मुली त्यांच्याजवळ डबा उघडत नसत. का, ते एकीनेही कधी सांगितलं नाही. पुढे त्या तिथल्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवू लागल्या. एक समाज दुसऱ्याबद्दल आधीच मत कसं करून बसतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

नव्वदच्या दशकात त्या पारगावच्या बाजूच्या गावांत हिंडत. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड कामगार येत, रस्त्याकडेला उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, बांधून राहत. रत्नाबाई गावकऱ्यांना चोरीची एक गोष्ट सांगत आणि चोराचं काय करावं, ते विचारत. चोर गावातला असला तर लोक म्हणत, समज द्या. तोच तोडकरी असला तर म्हणत, बांधून ठेवा. सुरुवातीला हे बोलताना लोक जरा कचरत. दशक सरता सरता ते कचरणंही गेलं.

त्याच सुमारास त्यातल्या एका गावात गेणभाऊंच्या गोठ्यातून शेळ्या जाऊ लागल्या. गेणभाऊ गावातले जुने बागायतदार. त्यांचा संशय तोडकऱ्यांवर.

रत्नाबाई कोप्यांवर गेल्या तेव्हा तोडकऱ्यांतली साळुबाई भाकरी थापत होती. तिची धाकटी लेक भागू शेजारी खेळत होती.

“आमच्याबी शेळ्या गेल्या, बाई,” साळुबाई म्हणाली. “गावात सांगितलं, तर म्हणाले, तुम्हीच खाल्ल्या.”

उसात बिबटे वाढल्याचं रत्नाबाईंच्या कानावर होतं. त्या तडक गेणभाऊंकडे गेल्या. “हे बिबट्याचं काम दिसतंय, गेणभाऊ.”

गेणभाऊंनी चहा पुढे केला. “मॅडम, तुमीबी डोंगरातनं आलेल्या, भायेरच्याच. तुमाला त्यांचंच खरं वाटणार.”

आठवड्याच्या आत गावानं ठरवलं, कोप्या रस्त्यावरून हलवून ओढ्याकाठी न्यायच्या. तिथं तिन्ही अंगांना उभा ऊस. रत्नाबाई सरपंचांना भेटल्या, वनखात्यात जाऊन आल्या. सगळ्यांनी ऐकून घेतलं. कोप्या हलल्या.

एका दिवेलागणीला साळुबाई चुलीपाशी होती आणि भागू तिच्या पाठीमागे. पोर ओरडलीसुद्धा नाही. पाचट तेवढं वाजलं. सकाळी उसात तिचा देह सापडला.

मग पिंजरा लागला, बिबट्या अडकला. त्याला बघायला गाव लोटलं. त्या गर्दीत रत्नाबाईंनी गेणभाऊंना गाठलं. “आता तरी पटलं ना, शेळ्या कुणी नेल्या?”

“बिबट्या धरला ते खरं,” गेणभाऊ म्हणाले. “पण माझ्या शेळ्या त्यानंच न्हेल्या कशावरून?”

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या हंगामात गावानं पुन्हा ओढ्याकाठचीच जागा दाखवली. रत्नाबाईंनी कॉलेजात रजा टाकली, तोडकऱ्यांच्या टोळीच्या मुकादमाला बरोबर घेतलं आणि कोप्या रस्त्याकडेला उभ्या करवल्या. कुणी अडवलं नाही. मात्र त्यानंतर गावातल्या एकाही घरात त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

गेणभाऊ एसटीच्या थांब्यावर भेटले. आवाज नेहमीसारखाच मऊ. “मॅडम, दिवस मावळायच्या आत निघत जा. पोरं लई चिडल्यात. मी किती आवरू?”

दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. ओट्यांवरची बोलणी त्यांना पाहून थांबली. मागून गावातल्या पोरांची मोटरसायकल सावकाश येत राहिली, पुढे गेली नाही. रत्नाबाई कोप्यांच्या दिशेनं चालत राहिल्या.