लोगोतून काढलेलं नाव

मित्रांनो, आज स्टुडिओत एक काम केलं. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

सिन्नरचा इरफान आमचा जुना क्लायंट. त्यांचा घरगुती मसाल्याचा धंदा आहे, त्याच्या वडिलांच्या, म्हणजे हनीफचाचांच्या नावाने. पाकीट, लोगो, वेबसाइट सगळं आम्हीच केलेलं. आज दुपारी बापलेक दोघंही गंगापूर रोडला आमच्याकडे आले.

"दादा, सगळीकडून अब्बांचं नाव काढा. 'गावरान मसाले' असं काहीतरी टाका."

मुसलमानांकडून काही घेऊ नका, असा मेसेज व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय म्हणे. नेहमीच्या दुकानदारांनीसुद्धा माल परत पाठवला.

मी विचारलं, "चाचा, तुम्हाला चालेल?"

"मीच सांगितलं त्याला," चाचा म्हणाले. "नाव माझ्या एकट्याचं हाय. धंद्यावर सगळं घर जगतंय."

त्यांच्यासमोरच मी नाव डिलीट केलं. चाचा चष्मा पुसून स्क्रीनजवळ आले आणि म्हणाले, "छान दिसतंय. नव्या नावात चूक नको हां, नीट बघा."

इरफान खिडकीकडे तोंड करून उभा होता.

असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. तेव्हा तुमच्यापैकी कुणी काही बोललं का?