पिचरचा खांदा

उपांत्य सामना हरून आमच्या जिल्ह्याच्या मुलींचा बेसबॉल संघ लिंबाखाली बसला होता. सुनंदा, आमची एकुलती एक पिचर, सुटलेले केस बांधायला गेली, तर चेंडू फेकून फेकून आखडलेला तिचा उजवा हात कानापर्यंतही जाईना. कॅचर रेश्मानं तिच्या हातातलं रबर घेतलं.

"घट्ट बांध गं. उद्या तिसऱ्या नंबरची मॅच आहे."

"उद्या पण तूच टाकणार?"

"मग काय, तू टाकतेस? तुझा चेंडू बघून अंपायर पळून जाईल."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. माझं आयुष्य मोर्चे-घोषणांत गेलं, तरी मी या संघाची एकही मॅच चुकवत नाही.

पलीकडे संघाचे सेक्रेटरी सांगत होते, पुढच्या वर्षी संघ नव्यानं उभारू, बाहेरून दोन तगड्या बॅटर आणू. मनात आलं, अरे, बॅटर कशाला? अख्खी स्पर्धा एका पोरीच्या खांद्यावर काढलीत ना? फटका मारला की टाळ्या पडतात. चेंडू फेकणारा हात रोजचाच, म्हणून तो कुणाला दिसत नाही. घरातही असंच असतं आणि चळवळीतही.

"दुसरी पिचर कधी तयार करणार?" मी विचारलं.

"अहो, ही आहे की! दणकट आहे पोरगी."

एरवी मी तिथंच घोषणा दिली असती. त्या दुपारी आत काही पेटलंच नाही.

"काय सुनंदा, उद्या तयार ना?" सेक्रेटरींनी हाक मारली.

तिनं हात वर केला. डावा.